कौलांच्या सांध्यात सिमेंट भरावे का?

प्रश्न : घर जांभ्याचे, छप्पर मंगलोरी कौलांचे. दर पावसाळ्यात माजघरात तीन-चार जागी गळते. गवंडी म्हणतात, सांध्यांत सिमेंट भरून टाका. भरावे का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : अजिबात भरू नका. कौल उन्हात तापते आणि सर आली की एकदम गार होते. ताठ सिमेंटला ही हालचाल सोसत नाही, केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून शिरलेले पाणी अडकते आणि रिपेत, म्हणजे कौले ज्यावर अडकतात त्या आडव्या लाकडी पट्टीत, मुरते. शिवाय उद्या एक कौल फुटले, तर शेजारची फोडल्याशिवाय ते निघत नाही. सिमेंटचा माल लागतो तो आढ्यावरच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या, कोन्यांना (माथा झाकणाऱ्या कौलांना). तिथेही एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग नदीची वाळू घ्या. खाडीची वाळू खारी असते, ती नको.

आधी गळतीचे मूळ शोधा. पाणी कौलाच्या पोटाने, वाशावरून घसरत येते आणि बरेच खाली ठिबकते. म्हणून ठिबकते तिथून आढ्याच्या दिशेने वर पाहत जा. भर दुपारी दारे-खिडक्या लावून माळ्यावर बसा. नको तिथे कवडसा दिसेल तिथे खडूने खूण करा.

बहुतेक घरांत दोष कौलाचा नसतो, रिपेचा असतो. रीप बाकली की कौलाचा दात (रिपेत अडकणारा पोटाकडचा उंचवटा) सुटतो, कौल खाली सरकते आणि वरच्या कौलाची झाक कमी पडते. आढ्यापासून पावळीपर्यंत, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपर्यंत, दोरी ताणून बघा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त खोलगा असेल तर ती रीप बदला. लाकूड किंजळ किंवा ऐन, खिळे जस्ताचा मुलामा दिलेले. खाऱ्या हवेत साधे खिळे गंजून रीप सैल होते. वाळवीसाठी काजूच्या टरफलाचे तेल उत्तम, पण ते कातडी भाजते, हातमोजे घालाच.

दोन रिपांमधले अंतर पुस्तकातून घेऊ नका, तुमच्याच कौलांवरून काढा. अकरा कौले अंगणात एकाखाली एक अडकवा. पहिल्या दातापासून अकराव्यापर्यंतचे माप एकदा ताणून, एकदा दाबून घ्या. दोन्हींच्या सरासरीला दहाने भागा. साधारण साडेबारा इंच येते, पण कारखान्यागणिक फरक पडतो. म्हणूनच नवे कौल आणताना पाठीवरचा शिक्का जुळवा, नाहीतर खाचा बसत नाहीत.

कौले उतरवताना आढ्याकडून खाली या, चढवताना पावळीकडून वर जा. एका वेळी तीनच ओळी उघडा. खाचांतले शेवाळ ताठ ब्रशने काढा. प्रत्येक कौल बोटाने वाजवा : खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द वाजले तर बाजूला. पाय कौलाच्या मधोमध कधीच नको; फळी टाकून वजन विभागा. हे सारे मृगाआधी, वैशाखात उरका.

प्रश्न : जांभ्याच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा तळाशी फुगून सुटतो. पुन्हा करावा का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : सिमेंटचा नको. जांभा सच्छिद्र, जमिनीची ओल त्यातून वर चढते, आणि बाहेर पडायला जागा नसली की आतले क्षार गिलावा ढकलतात. सुटलेला भाग खरवडा, उन्हाळाभर भिंत उघडी वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा करा. पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडतात का, तेही पाहा. पडत असतील तर पावळी दोन फूट बाहेर काढा आणि खाली उताराचे गटार करून त्यात गोटे भरा.