एसी लावला की फॅन फिरतो, एरवी नाही

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी 1998 सालची आहे. खानापूरहून येताना रस्त्यात काही त्रास नाही, पण बेळगावात गोगटे सर्कलजवळ गर्दीत अडकलो की काटा लाल रेषेकडे सरकतो आणि रेडिएटरचा फॅन लागत नाही. एसी चालू केला की मात्र तोच फॅन लगेच फिरतो. गॅरेजवाले म्हणतात, डॅशबोर्डला बटण बसवून डायरेक्ट करून देतो. करून घेऊ का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर: डायरेक्ट करू नका. ‘तोच फॅन लगेच फिरतो’ हे तुम्ही लिहिलंत, तिथेच माझं निम्मं काम झालं. मोटर चांगली आहे, नवा फॅन कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. बिघाड आहे तो फॅनला हुकूम देणाऱ्या वाटेवर: पाण्याचा ताप ओळखणारा फॅन स्विच, त्याच्या वायरी आणि रिले (स्विचच्या बारीक करंटवर फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी). एसीचा रिले बऱ्याच गाड्यांत वेगळा असतो, म्हणून रिलेवरचा संशय अजून सोडू नका.

सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून पाणी काठापर्यंत आहे का बघा. रेडिएटरच्या बाजूची जादा पाण्याची नुसती बाटली बघून भागत नाही. पाणी कमी असलं किंवा आत हवा अडकली असली तर स्विचला ताप कळणार कसा?

मग रेडिएटरवरच्या फॅन स्विचचं कनेक्टर काढा, चावी ऑन करा आणि कनेक्टरच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडा. हात, शर्टाची बाही पात्यांपासून लांब. फॅन फिरला नाही तर फ्यूज बघा, रिलेच्या जागी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले लावून बघा, वायर कुठे तुटली का ते शोधा. फिरला, तर स्विचवर संशय. पण त्याआधी गाडी तापवून रेडिएटरच्या खालच्या होजला जपून हात लावा. इंजिन तापलंय आणि होज गारच, असं असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय. गरम पाणी स्विचपर्यंत पोचतच नाही. (नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाडीत सेन्सरच्या वायरी अशा कधीही जोडू नका. तिथे नुसतं कनेक्टर काढलं तरी पुष्कळ गाड्यांत फॅन लागतो.)

स्विच काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवून मीटरने तपासायची पद्धत चांगली, पण आपल्या भागात तिने फसायला होतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर. इथे उघड्या भांड्यातलं पाणी 97-98 अंशांतच उकळतं, त्यापुढे तापत नाही. स्विचवर 92 लिहिलं असेल तर तो पातेल्यात लागायलाच हवा. 100 लिहिलं असेल तर चांगला स्विचही लागणार नाही, आणि लोक तो टाकून देतात. म्हणून आधी आकडा वाचा. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही याच वेळी बघा. ते दाब धरत असेल तरच आतलं पाणी 100 च्या वर जाऊनही उकळत नाही. रबर गेलं असेल तर फॅन लागायच्या आधीच पाणी उसळून बाहेर येतं.

आता त्या बटणाबद्दल. उद्यमबागेत काम करायचो तेव्हा मीही एका मास्तरांच्या गाडीला असंच बटण बसवून दिलं होतं. वर्षभर छान चाललं. मग एका रात्री वंटमुरी घाटात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकले, बरोबर आजारी आई, बटण दाबायचं राहून गेलं. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, हेड वाकलं, फेसिंग मारावं, म्हणजे ते घासून सपाट करावं लागलं. मास्तर मला एक शब्द बोलले नाहीत, ते मला अजून लागतं. तेव्हापासून मी कुणालाही डायरेक्ट करून दिलेलं नाही. शिवाय फॅन 10-15 अँपिअर ओढतो. रिलेशिवाय बारीक वायरीने ते बटणातून नेलं तर बटण वितळतं.

नवा स्विच घेताना जुना बरोबर न्या, आकडा आणि आटे जुळवून घ्या. तोवर गर्दीत काटा अर्ध्याच्या वर गेला की एसी लावा, म्हणजे फॅन फिरेल. तरीही उतरत नसेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि पूर्ण गार होईपर्यंत, अर्धा-पाऊण तास तरी, झाकणाला हात लावू नका.