तांबी १३ वर्षांची झाली आणि ओटीपोट दुखतंय

प्रिय ताई,

अमळनेर तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. धाकट्याच्या जन्मानंतर बसवलेली तांबी (कॉपर-टी) १३ वर्षं तशीच आहे. दोन महिन्यांपासून ओटीपोट दुखतं, अंगावरून वास येणारं पाणी जातं, संध्याकाळी कणकण असते. सासूबाई म्हणतात, उष्णता आहे. वेचणीला वाकलं की कळ येते, म्हणून तुम्ही कमरेला फडकं आवळून कापूस वेचताय. दवाखान्यात गेलं तर नवरा संशय घेईल, ही धास्ती वेगळीच. शेवटी लिहिलंत, ‘कोनले सांगू?’

मला सांगितलंत, बरं केलंत. आता डॉक्टरांना सांगा, याच आठवड्यात. हे उष्णतेचं दुखणं वाटत नाही, गर्भाशयाच्या आतल्या भागाला जंतुसंसर्ग झाला असावा. तांबीची मुदत प्रकारानुसार ५ किंवा १० वर्षं असते. तुमची केव्हाच संपली. तांबीमुळे संसर्गाचा धोका जास्त असतो तो बसवल्यानंतरच्या पहिल्या ३ आठवड्यांत, पण फार वर्षं राहिलेल्या तांबीवर ॲक्टिनोमायसिस नावाचे जंतू ठाण मांडू शकतात. एरवी ते आपल्या तोंडात, आतड्यात गुपचूप असतात. त्यांचं दुखणं हळूहळू वाढतं आणि कधीकधी गर्भाशयाच्या नळ्यांपाशी पू होतो. तोवर अंगावर काढू नका, माय.

संशयाचं म्हणाल, तर अशा संसर्गावरून बाईच्या चालचलणुकीचा निवाडा होत नाही. काही संसर्ग संबंधांतूनही येतात, त्यामुळे डॉक्टर नवऱ्यालाही औषध देतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नवऱ्याने ते घेतलं नाही, तर तेच दुखणं परत तुमच्याकडे येतं. मला ताप आहे, कळा येताहेत, हे नवऱ्याला सरळ सांगा. जाताना आशाताईंना सोबत घ्या.

सरकारी रुग्णालयात तांबी मोफत काढतात. दोरा दिसत असेल तर काम काही मिनिटांचं असतं. घरी कुणालाही दोरा ओढू देऊ नका. तांबी कधी बसवली ते डॉक्टरांना आठवणीने सांगा, कार्ड सापडलं तर न्या. सोनोग्राफी आणि गरोदरपणाची तपासणी करायला सांगतील, कारण मुदत संपलेल्या तांबीचा भरवसा नसतो. गोळ्या दिल्या की बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. हे ॲक्टिनोमायसिसच निघालं तर औषध काही महिनेही चालतं. तपासणी होईपर्यंत संबंध टाळा.

थंडी वाजून ताप चढला, पोट कडक झालं, उलट्या लागल्या किंवा भोवळ आली, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

तुमची मावशी