खुनी मध्येच 'थांबला' असे आपण कशावरून म्हणतो?

प्रश्न असा होता: फुटपाथवर झोपलेल्यांच्या डोक्यात दगड घालून खून करणारा मुंबईचा स्टोनमॅन कधीच सापडला नाही, मग त्याने खून करणे एकाएकी बंद का केले? मेला की सुधारला? की 1989 मध्ये असेच खून झाले त्या कोलकात्याला गेला? यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे 'असली माणसे स्वतःहून थांबत नाहीत, मेलाच असणार'. गोव्यात बरीच वर्षे पोलीस आणि कोर्टाच्या बातम्या दिल्यावर मला हे उत्तर फारच सोपे वाटते.

आधी हे बघा की तो थांबला हे ठरवले कुणी. आपल्या हातात असते ती फक्त पोलिसांनी त्याच्या खात्यावर घातलेल्या शेवटच्या मृतदेहाची तारीख. त्यानंतरचे मृतदेह भलत्याच फायलींत पडलेले असू शकतात.

आमच्याकडचेच घ्या. शिरोड्याचा महानंद नाईक एप्रिल 2009 मध्ये पकडला गेला, तोवर गोव्यात सिरीयल किलर आहे याची कुणाला कल्पनाही नव्हती. हुंडा नको म्हणायचा, लग्नाचे वचन द्यायचा, दागिने घालून भेटायला बोलवायचा आणि ओढणीने गळा आवळायचा. पोलिसांपुढे त्याने 1994 पासूनचे 16 खून कबूल केले. इतकी वर्षे हे दिसले कसे नाही? कारण मुलगी बेपत्ता झाल्याची नोंद एका ठाण्यात आणि अनोळखी बाईचा मृतदेह दुसऱ्याच्या हद्दीत. काही घरांत तर पोरगी पळून जाऊन लग्न करून सुखात असेल अशीच समजूत होती. हा माणूस 2005 मध्ये अपघातात गेला असता, तर 'तो का थांबला' असा प्रश्नच कुणी विचारला नसता. (16 हा आकडाही जपून वापरा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही, आणि यातल्या अनेक खटल्यांत तो पुराव्याअभावी सुटला. काही खटल्यांत मात्र शिक्षा झाली.)

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिण कन्नडमध्ये सायनाईड मोहन सापडला. हा शाळामास्तर. लग्नाच्या आमिषाने बाईला परगावी लॉजवर न्यायचा आणि सकाळी बस स्टँडवर गर्भनिरोधक म्हणून सायनाईडची गोळी द्यायचा. मृतदेह सापडायचा स्टँडच्या शौचालयात. गाव दर वेळी वेगळे, त्यामुळे तिथल्या पोलिसांपुरती ती कुणा अनोळखी बाईची आत्महत्या. असे 20 खून त्याच्यावर लागले.

लॉस एंजेलिसच्या लॉनी फ्रँकलिनला तर टोपणनावच मुळी 'झोपी गेलेला' अशा अर्थाचे पडले. कारण 1988 नंतर एकदम 2002 पर्यंत त्याचा एकही खून जुळत नव्हता. 2010 मध्ये अटक झाली तेव्हा घरात शेकडो बायकांचे फोटो सापडले, आणि तो मधली वर्षे खरेच झोपला होता का, याबद्दल तपास करणाऱ्यांनाच शंका आली.

आता खरोखर थांबणाऱ्यांकडे वळू. तेही असतात. एफबीआयने 2005 मध्ये या विषयावर तज्ज्ञांची परिषद भरवली होती. तिच्या अहवालात 'सिरीयल किलर थांबूच शकत नाही' हा चक्क गैरसमज म्हणून नोंदवला आहे. त्यातले ठळक उदाहरण कॅन्ससच्या डेनिस रेडरचे. 1974 ते 1991 मध्ये 10 खून, मधे 1977 ते 1985 असा मोठा खंड, आणि 1991 नंतर काहीच नाही. बायको, दोन मुले, नोकरी, चर्चच्या मंडळाचे अध्यक्षपद. सुधारला वगैरे मुळीच नव्हता. बळींच्या जपून ठेवलेल्या वस्तू, स्वतःचेच विकृत फोटो आणि कल्पना यांवर तो भागवत होता. 2004 च्या सुरुवातीला पहिल्या खुनांना 30 वर्षे झाल्याचा लेख स्थानिक वृत्तपत्रात आला आणि साहेबांना प्रसिद्धीची तहान पुन्हा लागली. पत्रे सुरू झाली. फ्लॉपीवरून माग लागतो का, असे त्याने पोलिसांनाच विचारले. नाही लागत, म्हणाले ते. त्याने पाठवली आणि 2005 मध्ये आत गेला.

अमेरिकेतलाच दुसरा सिरीयल किलर गॅरी रिजवे, त्याचे बहुतेक खून 1982 ते 1984 मधले. पुढे त्याने तिसरे लग्न केले, 1987 मध्ये पोलिसांनी झडती घेऊन लाळेचा नमुनाही नेला. आकडा घसरला, पण शून्य झाला नाही. कॅलिफोर्नियातला खुनी जोसेफ डिअँजेलो, त्याला 1981 मध्ये मुलगी झाली, त्यानंतर त्याचा एकच खून, 1986 चा. पकडला गेला 2018 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी. संसार, वय, पोलिसांची धास्ती, यातले नेमके किती कशाचे हे सांगता येत नाही. 'लग्न झाले आणि निवळला' असा अर्थ तर अजिबात काढू नका. रेडरचे सगळेच खून लग्नानंतरचे आहेत.

मरण ही शक्यता आहेच. दुसऱ्याच गुन्ह्यात तुरुंगात जाणे हीसुद्धा. आणि स्थलांतर. आमच्या किनारपट्टीवर हंगाम संपला की शॅकमधले, हॉटेलांतले कितीतरी कामगार एका आठवड्यात राज्याबाहेर जातात. त्यातल्या एखाद्याने दुसऱ्या राज्यात काही केले, तर इथल्या फायलीशी ते कोण जुळवणार?

मुंबईचे जुने उदाहरण रामन राघवचे. 1965-66 मध्ये पूर्व उपनगरांत झोपलेल्यांवर हल्ले झाले आणि मग शांत. तो तेव्हाच पोलिसांच्या हाती लागला होता, पण पुरावा नव्हता म्हणून सोडला. 1968 मध्ये पुन्हा खून सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये ॲलेक्स फियालो या फौजदाराने त्याला रस्त्यात ओळखून पकडले. (आडनाव वाचून गोव्यातल्या वाचकाची मान जरा ताठ होते, चालायचेच.)

राहिला स्टोनमॅन. मुंबईत 1985 ते 1987 मध्ये सायन-किंग्ज सर्कल भागात 12 जण, कोलकात्यात 1989 मध्ये 13. दोन्हीकडे फुटपाथवर एकटे झोपणारे गरीब, आणि डोक्यात घातलेला मोठा दगड. बऱ्याच बळींची ओळखही पटली नाही. अशा माणसांच्या बाबतीत खून मुंबईत थांबले की मोजणी थांबली, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण एकच माणूस कोलकात्याला गेला हे मला पटत नाही. दगड ही काही खास पद्धत नव्हे, फुटपाथवर हाताला लागणारे ते सर्वांत सोपे हत्यार आहे. आणि मुंबईच्या बातम्या तोवर देशभर छापून आल्या होत्या, त्या वाचणारा कोलकात्यातच कुणी असणे मला जास्त शक्य वाटते.