मानसिक आरोग्यावर कॉलेजसाठी म्युझिक व्हिडिओ करायचाय. रिसर्च कसा करू आणि कॅमेरा कोणता घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एसवायला आहात, पुण्यात, पाच जणांचा ग्रुप, मित्राने लिहून चाल लावलेलं साडेतीन मिनिटांचं गाणं, हातात तीन आठवडे आणि तीन हजार रुपये. कॅमेऱ्यावर चार ओळी खरडून मी निघणार होतो, पण खाली तुम्ही लिहिलंय, 'शेवटी मुलगा जीव देतो असं दाखवणार आहोत, म्हणजे लोक हलतील.' त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

तो शेवट काढा. दोरी, पंखा, गोळ्यांची पट्टी, पुलाचा कठडा, यातलं काही नको, सूचकसुद्धा नको. लोक हलतील, पण कोण? जो बरा आहे तो दोन मिनिटं हळहळेल आणि कँटीनला जाईल. जो बरा नाही तोही त्याच हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसलेला असतो, आणि त्याला तुम्ही रीत दाखवलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट-नाटकवाल्यांसाठी याच विषयावर वेगळी पुस्तिका काढली. कृती आणि पद्धत दाखवू नका, सावरणारी आणि सावरून घेणारी माणसं दाखवा, मदत कुठे मिळते ते सांगा, हा तिचा गाभा. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने आपल्या एका गाजलेल्या मालिकेतला असा जवळजवळ तीन मिनिटांचा प्रसंग, मालिका येऊन दोन वर्षं झाल्यावर, कापून टाकला. त्यांना दोन वर्षं लागली, तुम्ही शूटच्या आधी कापा.

हा माझा जुना वाद आहे. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका व्हिडिओवरून सहपरीक्षकांशी माझं वाजलं, ते अजून मिटलेलं नाही. व्हिडिओ असा: सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली, तीन कॉट, एमपीएससी करणारा मुलगा, दाराच्या कडीला अडकवलेला मेसचा डबा. पहिल्या अंतऱ्यात तो डबा आत घेतो, जेवतो, धुऊन रिकामा कडीला लावतो. दुसऱ्यात डबा उघडतो, पोळीचा एक तुकडा मोडतो आणि ठेवून देतो. क्लोज-अपमध्ये वरणावर साय धरलेली. तिसऱ्यात कडीला कालचा डबा तसाच, आणि मेसचा पोरगा नवा डबा घेऊन उभा. रिकामा डबा मिळाल्याशिवाय नवा ठेवायचा नाही, असा त्या मेसचा नियम. तो कालचा डबा उचलतो, वजन हाताला कळतं, तो थांबतो. मग दार वाजवतो. चार सेकंद काहीच नाही. आतून कडी काढल्याचा आवाज, आणि गाणं संपतं.

सहपरीक्षक म्हणाले, "पोचत नाही. काहीतरी घडायला हवं होतं. निदान त्याने पंख्याकडे तरी बघायचं." बक्षीस लाल ग्रेड, म्हणजे एडिटमध्ये चढवलेली लाल रंगछटा, आणि दोरीवाल्या व्हिडिओला गेलं. मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो, डबा उचलल्यावर पोराचा हात खाली जातो ना, त्या अर्ध्या सेकंदात सगळं घडलेलं आहे. भूक मेलीय, दार उघडलेलं नाही, आणि ते पहिल्यांदा कळलं ते घरच्यांना नाही, शेजारच्या कॉटवरच्यालाही नाही, मेसवाल्याला. त्या मुलांनी लक्षणांची यादी पाठ केली नव्हती. मेसवाल्याला एकच प्रश्न विचारला होता, 'डबा भरलेलाच परत आला तर तुम्ही काय करता?' त्याच्या उत्तरातून तिसरा अंतरा निघाला.

रिसर्च म्हणजे हेच. लक्षणांच्या वाचनाला एक संध्याकाळ पुरे, पण त्यातली एक गोष्ट व्हिडिओचा आकार ठरवते, ती म्हणजे काळ. नैराश्याचं निदान करताना लक्षणं किमान दोन आठवडे टिकलेली असावी लागतात. पॅनिक अटॅक काही मिनिटांत चढतो आणि ओसरतो. म्हणजे पॅनिकवरचं गाणं एका जागी, एका प्रसंगात, जवळजवळ खऱ्या वेळेत होऊ शकतं. नैराश्यावरच्या गाण्यात तुम्हाला दिवस उलटताना दाखवावे लागणार. दोन्ही एकत्र घेऊन 'मानसिक आरोग्य' असा मोघम विषय कराल तर हातात फक्त खिडकीबाहेर बघणारा मुलगा उरतो. एक अवस्था, एक माणूस, एक खोली.

बाकी रिसर्च कानाने करायचा. 'मला नैराश्य आलंय' असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही. 'कशातच मन लागत नाही', 'डोकं जड झालंय', 'छातीत धडधडतं', 'नको वाटतंय' असं म्हणतात. आणि समोरून येतं, 'थेरं आहेत सगळी', 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं', आणि पुणेकरांचं खास, 'याला येरवड्याला न्या', म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. अशी वीस-पंचवीस वाक्यं वहीत उतरवा. गाण्याच्या आधी नुसती ऐकवली तरी तीस सेकंदांची सुरुवात तयार होते, फुकट. मात्र मनोरुग्णालयाच्या गेटवर फोन घेऊन उभे राहू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, त्याच्या कलम २४ प्रमाणे तिथे उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या गेटमधून औषधं घेऊन बाहेर पडणारा माणूस तुमचा बी-रोल, म्हणजे मधे पेरायचं जोड-फुटेज, नाही.

गूगल फॉर्म ही सगळ्यांची पहिली उडी. त्यात पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी जशीच्या तशी चिकटवलेली असते, कारण ती नेटवर सहज मिळते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री दोनला कोणीतरी त्यावर 'जवळजवळ रोज' असं टिक करतो, उत्तर शीटमध्ये पडतं आणि तुम्ही ते चार दिवसांनी पाय-चार्ट काढताना बघता. तोवर काय झालं? उत्तर लगेच बघणारा माणूस मागे बसलेला असेल तिथेच ती चाचणी द्यायची. तुम्ही फॉर्म करायचाच तर झोप, जेवण, खोली, घरी फोन किती वेळा, एवढंच विचारा.

मुलाखती तीन-चार बास. चेहरा नको, नुसता आवाज किंवा वहीत नोंद. अठराच्या खालचा कोणी असेल तर पालकांची संमती घ्या. 'तू कधी प्रयत्न केलास का' हे विचारू नका. 'त्या दिवसांत सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचास' हे विचारा, शॉट तिथून मिळतात. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन आधी देऊ नका. समोरचा आत्ताच्या आत्ता धोक्यात आहे असं वाटलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच्यासोबत बसून १४४१६ हा टेलि-मानस हेल्पलाइनचा नंबर लावायचा आणि कॉलेजच्या समुपदेशकांना कळवायचं. तुमची स्क्रिप्टही त्याच समुपदेशकांना दाखवा. बाहेरचं कोणी हवं असेल तर पुण्यात वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचं काम करणारा बापू ट्रस्ट आहे, आत्महत्या प्रतिबंधासाठी हेल्पलाइन चालवणारी कनेक्टिंग आहे. 'मार्गदर्शन करा' अशी मेल टाकू नका, वाचायला कोणाला वेळ नसतो. दोन पानी स्क्रिप्ट जोडा आणि 'यातलं काय चुकतंय' एवढंच विचारा.

आता गाणं. शूटच्या आधी फायनल ट्रॅक हातात पाहिजे, आणि फायनल म्हणजे फायनल. समजा लय ८० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा. एक मात्रा पाऊण सेकंदाची, चार मात्रांचं आवर्तन तीन सेकंदांचं, २१० सेकंदांत ७० आवर्तनं. दर दोन आवर्तनांना कट धरला तर ३५ शॉट. नवख्या टीमचे दिवसाला पंधरा ते वीस सेटअप (कॅमेरा-लाइटची नवी मांडणी) होतात, म्हणजे दोन दिवस. शूटनंतर गायकाला वाटलं 'थोडं फास्ट करू' आणि लय ८२ झाली, तर गाणं पाच सेकंदांनी आखडतं. मग दुसऱ्या अंतऱ्यापासून ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. हे दरवर्षी होतं. ट्रॅक डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या ऑडिओ फाइलमध्ये ठेवा, एडिटला आवाज जुळवायला सुरुवातीला तीन बीप टाका आणि सगळ्यांच्या फोनवरच्या जुन्या व्हर्जन डिलीट करायला लावा. स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचं असेल तर सेकंदाला ५० फ्रेमवर शूट करा, प्लेबॅक (सेटवर वाजवायचा ट्रॅक) दुप्पट वेगाने लावा, एडिटला २५ वर आणा. दुप्पट वेगात गायची आधी घरी तालीम लागते, सेटवर ती जमत नाही.

दिवस उलटताना दाखवण्यासाठी कॅलेंडरची पानं फडफडवू नका. दाढी वापरा. नट दहा दिवस आधी दाढी सोडतो. तिसरा अंतरा पहिल्यांदा शूट करायचा, मग ट्रिम करून दुसरा, मग साफ करून पहिला. उलटा क्रम, त्याच दोन दिवसांत काम. खोलीच्या प्रत्येक अवस्थेचे चार भिंतींचे चार फोटो काढून ठेवा, नाहीतर दुसऱ्या अंतऱ्यात घातलेला टी-शर्ट पहिल्यात मळलेला खुर्चीवर सापडतो. मुलगी असेल तर तेल न लावलेले, न विंचरलेले केस हेच काम करतात.

खोली दहा बाय दहाची असेल तर आत तिघंच: नट, कॅमेरा, आणि प्लेबॅक सांभाळणारा. बाकीचे जिन्यात. फोनची ०.५ ची वाइड लेन्स मोहात पाडते, पण चेहरा वाकडा करते. दाराबाहेर जाऊन १ वर, म्हणजे नेहमीच्या लेन्सवर, शूट करा, चौकट आपोआप फ्रेममध्ये येते आणि कोंडल्यासारखं वाटायला ती पुरते. खिडकीवर पांढरी चादर, ट्यूब बंद. ट्यूब ठेवायचीच असेल तर २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ) १/५० सेकंद, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेम आणि १/६० वर पट्टे सरकताना दिसतात आणि ते एडिटमध्ये सहजी जात नाहीत. घरमालकांना आधी विचारा, कॉट बेसिसवाल्या मुलाला तुमच्यामुळे खोली सोडावी लागू नये. दुपारी एक ते चार स्पीकर लावायचा नाही, इअरफोन. का ते पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको.

बाहेरचे शॉट कमीत कमी ठेवा. टेकडीवरचा सूर्योदय म्हणजे 'बरा झाला', हे प्रकरण आता पुरे. काळा-पांढरा ग्रेड, फुटलेला आरसा, हसरा मुखवटा, पावसात गुडघ्यावर बसलेला मुलगा, हे सगळं मी एकाच स्पर्धेत एकाच दुपारी पाहिलेलं आहे.

गाणं तुमच्यातल्याच मुलाचं आहे हे उत्तम. तरीही गीत, चाल, गायन आणि वाद्यसंयोजन करणाऱ्यांच्या सह्यांचा एक कागद करा. यूट्यूबवरून 'फ्री बीट' उचललेला असेल तर त्याच्या अटी वाचा. तीस सेकंदांपर्यंत काहीही वापरता येतं ही अफवा आहे, असा नियम कायद्यात नाही.

शेवटची पाटी: 'टेलि-मानस १४४१६, मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं.' ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. पाटी पूर्ण सहा सेकंद ठेवा, कारण फोनवर नंबर उतरवायला तेवढे लागतात. दुसरा कुठला नंबर टाकणार असाल तर रात्री अकराला स्वतः लावून बघा. पोस्टरवर फिरणारे कित्येक नंबर बंद पडलेले असतात, आणि बंद नंबर देणं हे नंबर न देण्यापेक्षा वाईट.

थोडं राहिलं. दोरी नको म्हणजे आत्महत्येचा विषयच काढू नका, असं मी म्हणत नाहीये. 'जगावंसं वाटत नाही' हे शब्द गाण्यात येऊ द्या. त्याबद्दल बोलल्याने, विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवा विचार पेरला जात नाही. पद्धत दाखवणं ही वेगळी गोष्ट आहे. मी डॉक्टर नाही, म्हणून आजाराबद्दल वर लिहिलंय ते समुपदेशकांना विचारून घ्या, शूटबद्दल लिहिलंय ते माझ्याकडून घ्या. ज्याच्या अनुभवावर व्हिडिओ उभा आहे त्याला रफ कट (पहिलं कच्चं एडिट) सगळ्यात आधी दाखवा, एकट्याला, आणि तो म्हणेल तो शॉट वाद न घालता काढा. आणि तुमचे सर 'शेवट प्रभावी वाटत नाही' म्हणाले तर त्यांना डब्याचा तिसरा अंतरा सांगून बघा. माझ्या सहपरीक्षकांना अजून पटलेला नाही.

कॅमेरा: ग्रुपमधला सगळ्यात चांगला फोन. भाड्याचा कॅमेरा नको, कारण त्याची लेन्स आणि फोकस शिकण्यात पहिला दिवस जाईल. ब्लॅकमॅजिकचं फुकट कॅमेरा ॲप चालत असेल तर ते घ्या, नाहीतर प्रो मोड. २५ फ्रेम, शटर १/५०, व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) आणि एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक. बऱ्याच फोनचं स्वतःचं ॲप फ्रेमरेट मधेच बदलतं आणि लांब टेकमध्ये लिपसिंक, म्हणजे ओठ आणि शब्दांचा मेळ, सरकतं. तसं झालेलं असेल तर एडिटच्या आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइल कॉन्स्टंट (न बदलणाऱ्या) फ्रेमरेटवर काढा. ५० एमबीपीएस (सेकंदाला ५० मेगाबिट) या दर्जाला मिनिटाला ३७५ एमबी जातात, म्हणजे दोन तासांच्या फुटेजला ४५ जीबी, तेवढी जागा आदल्या रात्री रिकामी करा. तीन हजारांतले निम्मे जेवणावर घाला. टेक चालू असताना घरून फोन आला तर रेकॉर्डिंग तुटतं, त्यामुळे फोन फ्लाइट मोडवर.