वाचकांचे प्रश्न : दोरीला हात लावला त्याचा वाटा

मागच्या अंकात मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या माझ्या लहानपणाबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या चौघांना आज उत्तरं देते.

प्रश्न : वडील सांगायचे, सुट्टीत मालवणला गेलं की रापण ओढायला हात लावायचा आणि घरी येताना पिशवीत मासे यायचे. माझ्या मुलांना ही बढाई वाटते. खरंच कुणालाही मासे द्यायचे का?
— एक वाचक, डोंबिवली

मुलांना सांगा, आजोबा खरं बोलत होते.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ती एकट्याच्या मालकीची नसायची. एकेका घराने जाळ्याचा आपला तुकडा आणायचा, ते तुकडे एकमेकांना जोडायचे आणि त्याचं लांबच लांब जाळं व्हायचं. आमच्या घरचाही एक तुकडा त्यात होता. सुती जाळ्यांच्या काळात आजी ऐनाच्या झाडाची साल उकळून त्या पाण्यात तो बुडवायची, म्हणजे सूत लवकर कुजत नाही. तिच्या हातांना तो तांबूस रंग कायमचा लागलेला मला आठवतो.

पाण्याचा बदललेला रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी बघून जाणता माणूस हाक द्यायचा. मग होडी निघायची. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडीतून जाळं अर्धगोल सोडत जायचं आणि दुसरं टोक थोड्या अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणायचं. त्यानंतर दोन्हीकडे माणसं उभी राहून ओढायची. चाळीस-पन्नास जण सहज लागायचे. ओढता ओढता दोन्ही रांगा वाळूवरून एकमेकींकडे सरकत यायच्या. काथ्याचा ओला दोर तळहाताला असा कापायचा, की रात्री भात कालवताना कढीचं तिखट झोंबायचं.

मासळी वाळूवर आली की वाटे पडायचे. जाळ्याचा वाटा निराळा, होडीचा निराळा, अंगमेहनतीचा निराळा. यांच्यापलीकडे, वाटेने जाणारा कुणी येऊन चार हात ओढून गेला असेल तर त्यालाही ढिगातून मासे मिळायचे. वडील म्हणायचे, ‘दोरयेक हात लावलंस मां? मगे वाटो घेवन जा.’ आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची. घरात कमावणारं कुणी नव्हतं आणि तिच्या अंगात ओढण्याची ताकद उरली नव्हती. ती रांगेच्या शेवटी बसून आलेला दोर गुंडाळायची. तिच्या टोपलीत रोज पेडवे पडायचे, कधी बांगडे. ‘फुकट नेते’ असं तिला कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

रापणी आता मोजक्या उरल्या आहेत. ओढताना दिसल्या की तारकर्लीला आलेले पाहुणे मोबाइल काढून उभे राहतात. गेल्या थंडीत त्यांच्यातल्या एका मुलाने मोबाइल खिशात ठेवला आणि दोर धरला. माझ्या पुतण्याने त्याला पाच बांगडे दिले. मुलगा घेईना, पैसे विचारू लागला. पुतण्या त्याला म्हणाला, ‘पैसे कित्याक? तू वडलंस.’ म्हणजे, दोर तू ओढलास ना.

प्रश्न : आजीचे थोरले भाऊ ‘रामदास’ बोटीत गेले. ती मालवणला येणारी बोट होती, असं घरात सांगतात. मालवणला तेव्हा बोटी लागत होत्या का?
— एक वाचिका, ठाणे

बोटी येत होत्या, पण धक्क्याला लागत नव्हत्या. आमच्या बंदरात खडक फार. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या होड्यांतून न्यायच्या. १९६८ च्या मे महिन्यात ‘रोहिणी’ बोटीने मी पहिल्यांदा मुंबईला गेले. होडी खाली गेली की बोटीची शिडी डोक्यावर, लाटेने वर आली की शिडी गुडघ्याशी. खलाशाने नेमकी लाट साधून मला उचललं आणि वर दिलं. खाली होडीत आई डोळे मिटून उभी होती.

तुमच्या घरच्या आठवणीत मात्र एक दुरुस्ती करायला हवी. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ मुंबईहून रेवसला चालली होती. काशाच्या खडकाजवळ ती कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा तुमच्या आजीचे भाऊ त्या दिवशी रेवसला उतरून अलिबागच्या बाजूला जायला निघाले असावेत. तिकडे नात्यातलं कुणी होतं का, कुणाकडे कामाला जाणार होते का, याचा शोध घ्या. गावाचं नाव सापडलं तर त्यांच्या आयुष्यातला एक हरवलेला दिवस तुमच्या घराला परत मिळेल.

त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ ला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. आजोबा ती तारीख विसरले नाहीत. पुढे २००९ साली फयान वादळ आलं तेही ११ नोव्हेंबरलाच. त्या रात्री आमच्या किनाऱ्यावर बाया बॅटऱ्या घेऊन उभ्या होत्या आणि वाऱ्यात एकीचं बोलणं दुसरीला ऐकू येत नव्हतं. आमच्या घरात ही तारीख निघाली की अजूनही सगळे गप्प होतात.

प्रश्न : पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्या भांडणाच्या बातम्या वाचतो. समुद्र एवढा मोठा आहे, मग भांडण कशाचं?
— एक वाचक, पुणे

मी रापणकराची मुलगी आहे. माझी बाजू ठरलेली आहे, ती लपवत नाही.

समुद्र मोठा आहे, पण बांगडा आणि तारली किनाऱ्याजवळ थव्याने येतात. पर्ससीनच्या जाळ्याला खालच्या कडेला कड्या असतात आणि त्यांतून दोर ओवलेला असतो. थव्याला वेढा घातला की बटव्याचं तोंड आवळावं तसा तो दोर आवळतात. अख्खा थवा एका बोटीत जातो. रापण किनारा सोडून जाऊ शकत नाही, मासळी तिच्यापर्यंत यावी लागते. वाटेतच सगळी उचलली गेली तर चाळीस घरांनी दोर ओढून काय आणायचं?

कायदे नाहीत असं नाही. राज्याचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर क्षेत्राचे आणि महिन्यांचे निर्बंध आले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे गोळा करून केलेल्या मासेमारीला बंदी केली आणि २०२१ मध्ये राज्याने कायदा सुधारून दंड वाढवला. तरीही कधी कधी रात्री आमच्या गच्चीवरून समुद्रावर पांढऱ्या उजेडाचे डाग दिसतात. त्या बोटींवरचे खलाशी गरीबच असतात, त्यांच्यावर माझा राग नाही. पण तो उजेड बघितला की मला झोप येत नाही.

प्रश्न : माझे आजोबा ८४ वर्षांचे आहेत. आचऱ्याला जन्म गेला, सगळं आयुष्य मासेमारीत. आता ते फार बोलत नाहीत. त्यांच्या आठवणी लिहून काढायच्या तर काय विचारू?
— एक वाचिका, नवी मुंबई

‘तुमच्या आठवणी सांगा’ असं विचारू नका. त्यावर माझे वडीलही ‘कसल्यो आठवणी’ म्हणून पलीकडे बघायचे. त्यांना खुणा विचारा.

जीपीएस नव्हतं तेव्हा पाण्याखालचा खडक किनाऱ्याकडे बघून सापडायचा. देवळाचा कळस अमुक माडाच्या शेंड्यावर आला की ती एक रेघ. दुसऱ्या बाजूला डोंगराची खाच आणि एखादा बुरूज एकापाठी एक आले की ती दुसरी. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे खाली खडक. प्रत्येक खडकाला नाव असायचं, कुठे कुठली मासळी मिळते ते ठरलेलं असायचं आणि बाप मुलाला या खुणा होडीत बसूनच शिकवायचा. आता माड पडले आणि देवळांपुढे इमारती उभ्या राहिल्या. त्या रेघा फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहेत.

आजोबांना किनाऱ्यावर न्या, पाण्याकडे तोंड करून बसवा. वही लगेच काढू नका. हातात जाळं विणायची सुई आणि थोडा दोरा द्या, हात चालू लागले की तोंड उघडतं. एक खडक पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याचं विचारू नका. मी घाई केली होती. वडिलांकडून दोन खडकांच्या खुणा पुऱ्या लिहून घेतल्या आणि तिसऱ्याची एकच रेघ मिळाली : सर्जेकोटाचं टोक, त्याच्या मागे डोंगराची खाच. दुसरी ‘उद्या सांगतंय’ म्हणाले. त्याच आठवड्यात ते गेले.

तिथे ते इसवणीसाठी, म्हणजे सुरमईसाठी, जायचे. ती दुसरी रेघ कुणा वाचकाच्या घरात कुणाला ठाऊक असेल, तर मला जरूर पत्र लिहा.