चट्टा बघण्याआधी ट्यूब माग

जांघेत खाजणारा चट्टा दिसला की लगेच औषध लिहून मोकळा होऊ नकोस. आधी विचार, आजवर काय लावलं? पेशंट ‘काही नाही’ म्हणेल. मग घरातली ट्यूब आणायला सांग. मेडिकलमधून आणलेल्या त्या मिश्र मलमात बहुधा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. खाज थांबते, गजकर्णाची बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याची ती लाल, खवल्यांची गोल किनार पुसट होते आणि भलेभले चकतात. अशा वेळी कडेचे खवले खरवड, केओएच म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण टाकून मायक्रोस्कोपखाली बघ. बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसले की शंका मिटते. घरात आणखी कुणाला खाज आहे, टॉवेल एकच आहे का, तेही विचार.

चट्टा फिकट असेल आणि खाजत नसेल, तर कापसाची वात घे. पेशंटला डोळे मिटायला लाव आणि हळूच टेकव. स्पर्श कळला नाही तर कुष्ठरोगाचा संशय धर, कोपरामागची नस चाचपून बघ. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, 6 किंवा 12 महिन्यांची. शिबं समजून अशाला मलम देऊन घरी पाठवणं मला अक्षम्य वाटतं. नस कामातून गेली की बोटं वाकडी होतात.