ओढ्याकाठची भिंत उंच करण्याआधी

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सोसायटीच्या मागची ओढ्याकडची सीमाभिंत चार फुटांनी वाढवावी का, आणि दर मे महिन्यात महापालिका नालेसफाई करते तरी पार्किंगमध्ये पाणी का येतं. भिंतीचं आधी सांगतो, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे.

वाढवू नका. निदान स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाया उघडून बघेपर्यंत तरी नाही. भिंतीला लागून 1 मीटर पाणी उभं राहिलं तर दर मीटर लांबीवर साधारण अर्धा टन रेटा येतो. पाणी 2 मीटर झालं की तोच रेटा 2 टन होतो आणि भिंत उलथवणारा जोर तर आठपट. आपल्या सोसायट्यांच्या भिंती चोर आणि कुत्री आत येऊ नयेत एवढ्याच हिशेबाने बांधलेल्या असतात. जुन्या विटांवर नवे ब्लॉक चढवले की बाहेरून मजबूत दिसतं, पाया मात्र तोच राहतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळूनच माणसं गेली. पाणी हळूहळू चढलं तर गाड्या खराब होतात, पण भिंत फुटली तर पळायलाही वेळ मिळत नाही. शिवाय तुम्ही अडवलेलं पाणी समोरच्या काठावरच्या वस्तीत जाणार, हेही मीटिंगमध्ये कुणीतरी बोललं पाहिजे.

आता पार्किंगचं. आधी हे बघा की पाणी भिंतीवरून येतं की तुमच्याच पावसाळी गटारातून उलटं वर येतं. अनेक ठिकाणी गटाराचंच कारण निघतं. ओढ्याची पातळी पाइपच्या तोंडाच्या वर गेली की तोच पाइप पाणी आत घेऊ लागतो. तिथे ओढ्याच्या बाजूला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवायची आणि आतलं पावसाचं पाणी उपसायला पंप ठेवायचा. नव्या भिंतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

पाणी खरोखर काठावरून येत असेल तर तुमच्या गेटपाशी उभं राहून काही कळणार नाही. पावसाळा संपून ओढ्याचं पाणी ओसरलं की लगेच प्रवाहाच्या दिशेने खाली चालत जा आणि सगळ्यात अरुंद जागा शोधा. बहुधा ती रस्त्याखालची मोरी, म्हणजे ओढा पलीकडे नेणारा छोटा पूल असते. तिची रुंदी-उंची टेपने मोजा. समजा 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच आहे. सेकंदाला 2 मीटर वेग धरला तर त्यातून सेकंदाला 12 घनमीटर पाणी जातं. आता वरून येणाऱ्या पाण्याचा हिशेब करा. 1 चौरस किलोमीटरवर तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला आणि काँक्रीटमुळे त्यातलं 70 टक्के वाहून आलं, तर सेकंदाला 10 घनमीटरच्या आसपास पाणी येतं. पाणलोट, म्हणजे ज्या भागातलं पाणी ओढ्यात येतं तो, 2 चौरस किलोमीटरचा असेल तर जवळपास 20. म्हणजे मोरी कितीही स्वच्छ केली तरी पाणी मागे फुगणारच. (50 मिलिमीटर मी मनाने घेतलेलं नाही. मुंबईत 26 जुलै 2005 नंतर निचऱ्याची क्षमता तासाला 25 वरून 50 मिलिमीटरवर नेण्याचं ठरलं, तोच आकडा.) गाळाने मोरी अर्धी भरली तर 12 चे 6 होतात, म्हणून सफाई हवीच. पण सफाईने 12 चे 20 होत नाहीत. नालेसफाईवरून दरवर्षी जो आरडाओरडा होतो त्यात हा मुद्दा कधीच येत नाही.

चालताना पात्रातले मैलावाहिनीचे चेंबर आणि आडव्या गेलेल्या पाण्याच्या लाइनीही टिपून ठेवा. गाद्या, फांद्या, प्लास्टिक सगळं तिथेच अडकतं.

तक्रार कधी करता यालाही फार महत्त्व आहे. जूनमध्ये केलीत तर फार तर एक जेसीबी येईल, गाळ काढून काठावरच ठेवेल आणि पहिल्या मोठ्या पावसात तो परत आत. मोरी रुंद करायची तर अंदाजपत्रकात तरतूद लागते. आयुक्तांचं अंदाजपत्रक साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतं. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच क्षेत्रीय कार्यालयात आणि मलनिस्सारण विभागात लेखी अर्ज द्या. त्यात मोजमापं, फोटो आणि पाणी कुठवर चढलं त्याची खूण असू द्या, आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. ‘नाला साफ करावा’ असं लिहिलंत तर उत्तर ‘साफ केला’ असंच येईल. ‘अमुक रस्त्याखालच्या मोरीची वहनक्षमता तपासून अहवाल द्यावा’ असं लिहा. सफाईबद्दलच शंका असेल तर माहिती अधिकारात तेवढ्या लांबीची मोजमाप पुस्तकातली (झालेल्या कामाच्या नोंदवहीतली) पानं आणि डंपरच्या वजनकाट्याच्या पावत्या मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशाही काढा. ओढ्याची मूळ रुंदी त्यावर दिसते. कधीकधी आपलीच सोसायटी त्या रुंदीत निघते, तेव्हा समितीला आधी विश्वासात घ्या.

या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की धरणाच्या विसर्गाचे मेसेज येतात, त्यावर लक्ष ठेवा. मुठेकाठी राहत असाल तर ठीक. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हाही मुख्यतः नदीचा हिशेब. ओढ्याला धरणाचा भोंगा नसतो. कात्रजच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि वरची तळी आधीच भरलेली असली, तर खाली तासाभराचीही सवड मिळत नाही. त्यामुळे वॉचमनला भिंतीवर लाल रंगाची एक खूण करून द्या. पाणी तिथे पोहोचलं की तळमजल्यावरची आणि पार्किंगमधली माणसं बाहेर काढायची, कुणाला विचारत बसायचं नाही. गाड्या काढायला खाली उतरायचं नाही, हेही त्याच मीटिंगमध्ये ठरवा.

मोरीची मापं आणि पाइपच्या तोंडाचा फोटो टाका. झडप कुठल्या आकाराची लागेल ते त्यावरून सांगता येईल.